माळ्यावरच्या डब्यातल्या तीन टोप्या आणि 'खुर्ची!!'

रामबाग_ते_रिमोट

नमस्कार मंडळी, इंदूरचे कोणी जुने कॉम्प्युटरवाले असतील तर जरा मदत करा.

रामबागेतलं आमचं घर रिकामं करून राहिलोय, माळ्यावरचं सामान काढता काढता बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला, मला वाटलं आईची बटणं असतील तर आत हे निघालं: इंग्रजी टी अक्षरासारखे सहा लोखंडी तुकडे, तीन छोट्या टोप्या (त्यातल्या एकीला बारीक साखळी आहे, पैंजणाला असते तशी), काळ्या वायरचं एक वेटोळं, डिशच्या वायरसारखंच पण बारीक आणि मऊ, आणि एक हिरवं कार्ड ज्याला मागे तीन वेगवेगळी तोंडं आहेत. त्यातलं एक आजच्या लॅनचं वाटतं, बाकी दोन मी आयुष्यात पाहिली नाहीत. शिवाय चार फ्लॉप्या, लेबलवर नुसतं 'बूट' लिहिलेलं.

बाबा एका खाजगी कंपनीत हिशोबखात्यात होते. बीएस्सी झालेले म्हणून ९४-९५ ला साहेबांनी "तुम्ही सायन्सवाले ना, मग कॉम्प्युटर तुम्हीच बघा" म्हणून सगळं त्यांच्या गळ्यात घातलं, एवढं घरात ऐकलेलं आहे. सध्या ते आत्याकडे देवासला आहेत, फोनवर नीट ऐकू येत नाही, मी डबा म्हटलं तर "फेकू नकोस, आल्यावर सांगतो" एवढंच म्हणाले आणि ठेवला.

मला खरं छळतंय ते डब्यातलं वहीचं पान. बाबांच्या अक्षरात, जसंच्या तसं उतरवते:

१२/७/९६. १:३० ला गेलं. ३ ला आपोआप आलं.
१५/७. परत १:३०. मीटर आणेपर्यंत आलं. २५.
१६/७. १:४० ला ५०!! तिसरी टोपी अर्ध्यात लावली. पहिल्या अर्ध्यात आहे.
१७/७. खुर्ची!!

खाली दोन रेघा मारल्यात. काय २५, काय ५०, आणि खुर्ची कशाची? मी स्वतः आयटीत आहे बरं का, बारा वर्षं झाली, सगळं काम क्लाउडवर, पण खरं सांगते नेटवर्कची वायर हातात घेऊन कधी काही केलं नाही. तुम्ही लोक हे शिकलात तरी कुठे?

---

जेलरोडचा_जुना_खिळा

ताई फेकू नका!!! आधी हात जोडतो.

हे थिननेट आहे. पुस्तकातलं नाव टेन-बेस-टू, पण जेल रोडवर आम्ही नुसतं 'कोॲक्स' म्हणायचो. आज कसं प्रत्येक मशीनची वेगळी वायर स्विचला जाते, तसं तेव्हा नव्हतं, एकच वायर पहिल्या मशीनपासून शेवटच्या मशीनपर्यंत, सगळे तिलाच लटकलेले. मशीन आलं की वायर कापायची, मध्ये टी घालायची, टीचं खालचं तोंड कार्डात, दोन बाजूंनी दोन वायरी. वेग सगळ्यांना मिळून १० एमबीपीएस, एका तुकड्यावर जास्तीत जास्त ३० मशिनी आणि लांबी १८५ मीटर. नावात 'टू' आहे ते २०० मीटरचं, १८५ चं गोल करून २०० केलं, आपल्या सराफ्यातले सोनार पण एवढं गोल करत नाहीत.

टोपी म्हणजे टर्मिनेटर. आत ५० ओमचा रेझिस्टर (करंटला अडवणारा छोटा भाग, ओम हे त्या अडवण्याचं माप) असतो बस. वायरच्या दोन्ही टोकांना पाहिजेच. नाही लावली तर सिग्नल टोकापर्यंत जातो, पुढे काही नाही म्हणून तिथून उलटा फिरतो आणि मागून येणाऱ्यावर आदळतो, सगळं नेटवर्क बंद. एक टोपी सैल झाली की चौदाच्या चौदा मशिनी मेल्या, आणि स्क्रीनवर तर काहीच कळत नाही की कुठे काय झालं.

ही पद्धत मेटकाफ आणि मंडळींनी १९७३ मध्ये झेरॉक्सच्या लॅबमध्ये काढली, त्यांची वायर जाड होती, आपली ही नंतरची बारीक आणि स्वस्त. बोलायच्या आधी ऐकायचं, वायर मोकळी असेल तरच बोलायचं, दोघं एकदम बोलले तर दोघांनी गप्प व्हायचं आणि थोडं थोडं वेगळं थांबून परत. आमच्या वाड्यात जिना असा होता की दोन माणसं समोरासमोर आली की दोघंही मागे सरकायची, मग दोघंही परत एकदमच निघायची, तिथे आजी वरून ओरडायची "अरे एकाने तरी थांबा". इथरनेटमध्ये आजीच्या जागी रँडम नंबर आहे.

कार्ड तीन तोंडांचं म्हणजे कॉम्बो. गोल तोंड या वायरचं, पंधरा पिनांचं जाड वायरवाल्यांसाठी, आणि तिसरं तुमचं आजचं. त्यावर बारीक काळे जंपर असतील बघा, चिमट्याने काढून घालायचे. ही कार्डं बहुतेक एनई-२००० या गाजलेल्या कार्डाची नक्कल असायची, कंपनीतून इंटरप्ट ३ वर (इंटरप्ट म्हणजे कार्डाने प्रोसेसरला हाक मारायचा नंबर, दोघांचा एकच असला की भांडण) सेट होऊन यायची, आणि ३ नंबर असतो दुसऱ्या सिरियल पोर्टचा. आमच्याकडे माउस तिथेच. नेटवर्क चालू केलं की माउस मेला, माउस जिवंत केला की नेटवर्क गेलं, तीन दिवस मी माउस बदलून राहिलो होतो भिया, तीन माउस. चौथ्या दिवशी कळलं की जंपर हलवून १० वर न्यायचा होता.

शिकलो कुठे विचारता. दिल्लीहून इंजिनियर यायचा. आम्ही मागे उभं राहून टॉर्च धरायचो. आणि तो पठ्ठ्या काम झालं की सीएलएस मारून स्क्रीन साफ करायचा, म्हणजे आम्हाला कळू नये काय टाईप केलं. मग मी काय केलं, टॉर्च खाली ठेवली आणि त्याला चहा दिला, एका हातात कप असला की माणूस हळू टाईप करतो.

२५ आणि ५० चं सोपं आहे. मशीनवरून टी काढायची आणि तिच्या मधल्या पिनेवर आणि बाहेरच्या कडीवर मल्टिमीटर लावायचा. दोन्ही टोकांना ५०-५० च्या टोप्या असतील तर दोन्ही समांतर येतात, मीटर २५ दाखवतो. म्हणजे वायर ठीक. ५० दाखवला तर एक बाजू कुठेतरी तुटली. शून्य दाखवला तर आत शॉर्ट. आकडे तंतोतंत नाही येत, वायरचा स्वतःचा पण थोडा रेझिस्टन्स असतो, पण साधारण.

आणि टोकं दोनच तर तिसरी टोपी कशाला? शोधायला! मधल्या मशीनच्या टीपाशी वायर सोडवायची, तिथे जादाची टोपी लावायची, आता अर्धं नेटवर्क स्वतंत्र झालं. ते चाललं तर बिघाड दुसऱ्या अर्ध्यात. मग त्याचं अर्धं. चौदा मशिनींत तीन-चार वेळात सापडतं. तुमचे बाबा पक्के होते हो, आमच्याकडचे लोक तर पहिल्या मशीनपासून एकेक टी हलवत जायचे आणि हलवता हलवता दुसऱ्या दोन सैल करून ठेवायचे.

साखळीवाली टोपी अर्थिंगची. दोन्ही टोकांना लावायच्या असतात तशा, दुसरी हरवली असेल.

खुर्ची माहिती नाही.

---

सौ_कीबोर्ड

खिळादादा, बाकी सगळं बरोबर पण साखळीचं चुकलं. अर्थ एकाच टोकाला द्यायचा असतो, एकाच. दोन्ही टोकांना दिला आणि दोन टोकांच्या खोल्यांच्या अर्थिंगमध्ये फरक असला तर वायरच्या जाळीतून करंट फिरत बसतो, टी काढायला गेलं की चटका. मी खाल्लाय म्हणून सांगते. डब्यात साखळी एकच आहे ती हरवली म्हणून नाही, बाबांना माहीत होतं म्हणून.

मी ९५ ते ९८ इथे एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते, नाव नाही घेत. एसीची खोली, चपला बाहेर, आत सतरंजी, देवघरात शिरल्यासारखं. एक सर्व्हर नॉव्हेल नेटवेअरचा (तेव्हाचं नेटवर्कचं सॉफ्टवेअर) आणि आठ मशिनी बिनाहार्डडिस्कच्या, फ्लॉपीने बूट करायच्या (ताई तुमच्या चार 'बूट' फ्लॉप्या बहुधा त्याच जातीच्या), मग एफ कोलन टाईप करायचं, लॉगिन, आणि मग कुठे सर्व्हरवरचं काही दिसायचं. विद्यार्थी चाळीस, मशिनी आठ, त्यामुळे पहिला महिना पुठ्ठ्यावर छापलेल्या कीबोर्डवर बोटं फिरवायची. हसू नका, माझा टायपिंगचा वेग त्या पुठ्ठ्यानेच आला.

सगळे जुन्या दिवसांचे गोडवे गाऊन राहिलेत म्हणून हे पण लिहिते. सर्व्हरच्या खोलीत बायकांना जाऊ द्यायचे नाहीत. कारण काय तर "मॅडम, तुम्ही थिअरी घ्या ना". टी हलवायचा मान सरांचा, सर नसले तर शिपायाचा, मी एमएस्सी, पण नाही. मी काय शिकले ते दारातून बघून आणि रात्री घरी वहीत चित्रं काढून.

१३ मार्च ९६, वर्ल्डकपची सेमीफायनल, ईडन गार्डनवर भारत-श्रीलंका. दुपारपासून अख्खा स्टाफ समोरच्या दुकानातल्या टीव्हीपुढे. माझी पाचची बॅच, सहा मुली, आणि पाच-वीसला सगळ्या स्क्रीन गोठल्या. गेले खोलीत, कोण अडवणार. मीटर नव्हता माझ्याकडे. सर्व्हरपासून सुरुवात केली, मधल्या मशीनपाशी वायर सोडवून शेवटच्या टोकाची टोपी काढून तिथे आणून लावली, पहिली चार मशिनी जिवंत. मग उरलेल्यात बघत गेले, सातव्या मशीनच्या टीत वायरच्या कनेक्टरची मधली पिन आत सरकलेली निघाली. पिन बाहेर खेचली, परत दाबली. अर्धा तास लागला असेल. त्या सहा मुलींनी टाळ्या वाजवल्या होत्या, खोटं नाही सांगत.

रात्री मॅच कशी संपली ते सगळ्यांना माहीत आहे, दुसऱ्या दिवशी सगळे सुतकात. मी सांगितलं की काल नेटवर्क गेलं होतं, मी नीट केलं. सर म्हणाले, "आपोआप आलं असेल, येतं कधी कधी."

म्हणून तुमच्या बाबांच्या पानावरचं "आपोआप आलं" वाचून मला जरा हे झालं. त्यांनी मात्र आपोआप वर विश्वास ठेवलेला दिसत नाही.

---

निवांत_छप्पन

मी कॉमर्सवाला, मला ओम म्हणजे जय जगदीश हरे एवढंच माहीत. पण दीड ते तीन हे वाचून कोणालाच काही सुचलं नाही? इंदूरच्या ऑफिसात दीड ते तीन काय असतं भिया? डबा खाऊन झोप!! खुर्ची मागे सरकवून!

---

मोडेम_जळालेला_सुदामानगर

छप्पनभाऊ, पोह्यांत डोकं असतं हे सिद्ध केलंत 😄

मी तुमच्या सगळ्यांनंतरचा. माझं नेटवर्क म्हणजे टेलिफोन. व्हीएसएनएलने (तेव्हाची सरकारी परदेशी-फोन कंपनी) १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट चालू केलं ते मुंबई दिल्ली कलकत्ता मद्रास, आपल्या गावात पोचायला वेळ लागला, माझ्या घरी तर २००० मध्ये आलं. वडिलांनी मोडेम घेऊन दिला, आतला, कार्डवाला, ५६ के. पहिले चार दिवस एकच मेसेज: 'नो डायल टोन'. फोन उचलून कानाला लावला तर टोन छान येतोय, मोडेम म्हणतोय नाहीच. दुकानदार म्हणाला मोडेम खराब, बदलून देतो, दुसरा पण तेच. शेवटी कॉलेजमधल्या एका सीनियरने चिठ्ठीवर लिहून दिलं: सेटिंगमध्ये जादा कमांडच्या रकान्यात एटीएक्स३ टाक. झालं! या मोडेमला अमेरिकन टोन ओळखायची सवय, आपल्या एक्स्चेंजचा टोन वेगळा, एक्स३ म्हणजे टोनची वाट बघू नकोस, सरळ फिरव नंबर. ती चिठ्ठी मी लॅमिनेट करून घेतली होती. कॉलनीतली किमान दहा घरं मी त्या एका चिठ्ठीवर 'दुरुस्त' केली असतील, प्रत्येक घरी चहा आणि शेव.

वेग म्हणाल तर ५६ नुसतं खोक्यावर, प्रत्यक्षात सेकंदाला चार-पाच केबी, तीन एमबीचं गाणं म्हणजे दहा-बारा मिनिटं, आणि अकराव्या मिनिटाला आईने आतल्या खोलीतलं एक्स्टेंशन उचललं की गेलं. आई वर विचारायची, "यात कुईकुई काय वाजून राहिलंय रे?"

मोडेम जळाला तो जून २००१. आपल्या माळव्यातला पहिला वळीव तुम्हाला माहीत आहे, कॉम्प्युटरचा प्लग मी काढला होता, शहाण्यासारखा, फोनची वायर तशीच राहिली. वीज फोनच्या लाइनवरून आली. मोडेमवरची एक चिप अर्धी फुटलेली, वास दोन दिवस. तेव्हापासून आमच्याकडे नियम: ढग आले की आधी फोनची वायर, मग गच्चीवरचे कपडे.

खुर्चीबद्दल माझा अंदाज: चाकांची खुर्ची, वायर जमिनीवर, चाक वायरवर. पण मग ती तीन वाजता परत कशी जुळायची?

---

बीई_तिसरं_वर्ष

सर/मॅडम मस्त थ्रेड. आम्ही हे सगळं सिम्युलेटरवर करतो, त्यात वायर कधी सैलच होत नाही 😅 एक शंका, एवढा त्रास होता तर लोकांनी सरळ स्विच का नाही लावला? आणि टीव्हीची केबल तर सगळीकडे मिळत होती, ती का नाही वापरली?

---

जेलरोडचा_जुना_खिळा

आधी सौ_कीबोर्ड ताईंना: साखळीचं कबूल. इतकी वर्षं चुकीचं समजून राहिलो, आणि चटके का बसायचे ते आज कळलं 🙏

बाळा, स्विच तेव्हा सोन्याच्या भावात. हब, म्हणजे सगळ्या वायरी एकत्र जोडायचा साधा डबा, तोसुद्धा महाग, वर प्रत्येक मशीनला वेगळी वायर म्हणजे दहापट वायर. कोॲक्समध्ये हब नाही, काही नाही, नुसत्या टी आणि टोप्या. पुढे हब स्वस्त झाले तसं ९८-९९ पर्यंत आमच्याकडे सगळे त्यावर आले, मग रात्रभर बसून नव्या वायरीतल्या आठ तारा ओळीने लावायच्या: नारंगी-पांढरा, नारंगी, हिरवा-पांढरा, निळा, निळा-पांढरा, हिरवा, तपकिरी-पांढरा, तपकिरी. झोपेत विचार, सांगतो.

टीव्हीची केबल ७५ ओमची. ही ५० ची. ७५ लावली तर जिथे जिथे जोड तिथे तिथे थोडा सिग्नल उलटा फिरतो. आणि वाईट म्हणजे कमी लांबीला चालते! एका गिऱ्हाइकाने पैसे वाचवायला केबलवाल्याकडून वायर घेतली, चार मशिनी चालल्या, पाचवं लावलं की कधी चालायचं कधी नाही, आणि शिव्या मला.

खुर्चीवर मोडेमभाऊचं बरोबर वाटतं. आत वायर तुटली असेल पण वरचं प्लास्टिक धडधाकट, ताण आला की टोकं वेगळी, ताण गेला की परत चिकटली. अशी अर्धमेली वायर सगळ्यात वाईट, पूर्ण मेलेली परवडली.

---

रामबाग_ते_रिमोट

बाबा काल रात्री आले. आधी जेवले, मग मी त्यांना सगळा थ्रेड वाचून दाखवला, मोठ्याने, कारण ऐकू येत नाही, शेजारच्या काकू विचारायला आल्या की काय भांडण झालं.

निवांत_छप्पन, तुम्ही जिंकलात. खुर्ची खुद्द मोठ्या साहेबांची. डबा झाला की दीड वाजता ते खुर्ची मागे रेलून भिंतीला टेकवायचे आणि झोपायचे. वायर त्याच भिंतीच्या कडेने, आणि त्यांच्या मशीनची टी टेबलाच्या मागच्या बाजूला. खुर्ची टेकली की वायर ओढली जायची, टीपाशी कनेक्टर बांगडीतून (वायरीच्या टोकाची फिरवून अडकवायची कडी) अर्धा निसटायचा, तीन वाजता साहेब उठले की ढिली पडून परत बसायचा. १५ तारखेला मीटर मिळायला उशीर झाला तोवर साहेब उठलेले. १६ ला मीटर सकाळपासून खिशात ठेवला. १७ ला म्हणे साहेबांच्या केबिनचं दार हळूच उघडून बघितलं, साहेब घोरत होते, बाबा टेबलाखाली शिरून टी बोटाने धरून बसले आणि बाहेरून हिशोबाच्या कुलकर्णींनी खूण केली की आलं.

मी विचारलं, मग साहेबांना सांगितलं का? म्हणाले, "त्यांना काय सांगणार, झोपू नका म्हणून?" दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पैशाने सहा फूट जास्त वायर आणून टेबलाला वळसा घालून ढिली सोडली. डब्यातलं वेटोळं त्यातलंच उरलेलं. साहेब रिटायर होईपर्यंत दुपारचे झोपले आणि नेटवर्क एकदाही गेलं नाही.

सौ_कीबोर्ड ताई, तुमचा भाग बाबांनी दोनदा वाचायला लावला. म्हणाले त्यांना सांग, पिन आत सरकायची कारण कनेक्टर दाबायचा पाना चांगला नसायचा, चूक वायर करणाऱ्याची, सातव्या मशीनची नाही. आणि मीटर नसताना अर्ध्या तासात म्हणजे कमाल.

आता एकच राहिलं. फ्लॉप्यांत काय आहे ते बाबांनाही आठवत नाही. इंदुरात कोणाकडे चालू फ्लॉपी ड्राइव्ह आहे का?

---

जेलरोडचा_जुना_खिळा

आहे. साडेतीन इंची पण आणि सव्वापाच पण. रविवारी सकाळी बाबांना घेऊन या, पत्ता मेसेजमध्ये टाकतो. मीटर पण आणायला सांगा त्यांना, माझा शून्याच्या खाली दाखवतो. पोहे तुमच्याकडून.

---

सौ_कीबोर्ड

मी पण येते. जिलेबी माझ्याकडून, पण टी मी लावणार.